दुधाळ नळ्यांचं गाव

वेंगुर्ल्याला परत येऊन आठ दिवस झाले, तरी माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी सापडतेच आहे. काल ती चष्म्याच्या डबीत निघाली. बीड जिल्ह्यात जाऊन आलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. न गेलेल्यांसाठी सांगते: तिथे पाहुण्याच्या ताटात वाढतात ते वेगळं, आणि निघताना त्याच्या पिशवीत कोंबतात ते वेगळं. दोन्हींना नाही म्हणायची सोय नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे. वय पन्नास, उंची बेताची, रुंदी बेताबाहेरची. लोकांना काय खावं ते मी सांगते असं कळलं की समोरचा माणूस मला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतो आणि मग सभ्यपणे विषय बदलतो. या खेपेचं काम मात्र खाण्याच्या आणखी आतलं होतं. लहान मुलांच्या रक्तातली चरबी मोजायची. तेला-तुपातून, दाण्या-दुधातून येणारी मेदाम्लं रक्तात किती आणि कुठली आहेत ते बघायचं, घरात कुठलं तेल आहे ते विचारायचं, आणि घरातल्या कुणाला ऐन तारुण्यात हृदयाचा झटका आला होता का, याची नोंद करायची. झटका म्हातारपणी येतो, पण त्याची तयारी कधीकधी शाळेच्या वयातच सुरू झालेली असते. ती आधी कळली तर पुढचं पुष्कळ टळतं.

आमच्या पथकात तिघं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई बीडला बसून सूत्रं हलवणाऱ्या, रक्त काढणारे आणि जीपही चालवणारे सलीमभाई, आणि तेलाचे प्रश्न विचारणारी मी. दसरा नुकताच झाला होता, डोंगराला सीताफळं लगडली होती, आणि मला वाटत होतं की आपण अभ्यासाला चाललोय.

आष्टी

नगरकडून येणाऱ्या एसटीतून मी आष्टीला उतरले. सलीमभाई बीडहून जीप घेऊन आले होते. त्यांनी माझ्या हातात बॅगेऐवजी चहाचा कप दिला आणि बॅग स्वतः घेतली. चहा निव्वळ दुधाचा, वर बोटभर साय. आमच्याकडे एवढ्या सायीचं लोणी काढून ठेवतात. "मॅडम, इकडं पाणी कमी, दूध जास्त," सलीमभाई म्हणाले. बाहेर पाहिलं तर खरंच, कोरड्या माळावर जागोजागी दुधाचे कॅन उभे होते.

पहिलंच घर एका माळकरी आजोबांचं. मी फॉर्म काढला. "घरात स्वयंपाकाला कुठलं तेल?"

"करडईचं," आजोबा ताठ बसून म्हणाले. "घाण्यावरचं. आमच्या आज्ज्यापासून दुसरं तेल उंबऱ्याच्या आत आलं न्हाई."

"आत्ता दुकानातली पिशवीच फोडली की मामा!" स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला.

आजोबांनी एक क्षण डोळे मिटले. "ती वेगळी गोष्ट हाय," ते म्हणाले, आणि मला उलट विचारलं, "तुमच्यात कशात करतेत?"

"आम्ही पुष्कळ पदार्थ खोबरेलात करतो."

सून पदराला हात पुसत दारात आली. "डोक्याच्या?" तिने विचारलं. यानंतर त्या घरात मला जे काही मिळालं ते दयेपोटी मिळालं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, आणि जवसाची चटणी. चटणीवर तेल ओतून तिने मला एवढ्या मायेनं वाढली, जणू मी बरीच वर्षं अन्नावाचून काढली होती.

चटणी मला फार आवडली. म्हणून मी उत्साहाने सांगायला गेले की जवसात जे मेदाम्ल असतं ते हृदयाला चांगलं, आणि ते आमच्या बांगड्यातल्या मेदाम्लाच्या कुळातलंच आहे.

"बांगडा म्हंजी?" आजोबांनी विचारलं.

"मासा."

आजोबांचा घास हातातच राहिला. त्यांनी गळ्यातली माळ चाचपली. "म्हंजी सत्तर वर्सं मी मासळी खायलोय?"

त्यांची समजूत घालायला सलीमभाईंना अर्धा तास लागला. जवस शेतात उगवतो, त्याला खवले नसतात, हे त्यांनी आजोबांना अगदी शपथेवर सांगितलं. तेव्हापासून मी मेदाम्लांची कुळं कुणाला सांगितली नाहीत.

लिंबागणेशच्या पुढचं गाव

लिंबागणेशला गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही डोंगराच्या बाजूला वळलो. ज्या गावात गेलो त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण गावाच्या पुढाऱ्यांनी तशी शपथ घातली आहे. त्यांना सगळे बप्पा म्हणतात. मोठी शेती, गोठ्यात म्हशींची रांग, अंगावर कडक पांढरे कपडे, आणि कपड्यांच्या आत भरपूर बप्पा.

वेशीवर फ्लेक्स होता. त्यावर बप्पांचा हात जोडलेला फोटो आणि शेजारी माझा. माझा फोटो कुठून मिळवला कोण जाणे, पण तो माझ्या भाचीच्या लग्नातला होता आणि त्यात मी लाडू खात होते. खाली लिहिलं होतं, 'हृदयाच्या मॅडमचे हार्दिक स्वागत.' मुलांचं लेझीम झालं. माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला. रक्त काढायला आलेल्या माणसांची अशी मिरवणूक मी तरी पाहिली नव्हती.

देवळाच्या भोंग्यावरून बप्पांनी स्वतः घोषणा केली. "उद्या सकाळी आठला शाळेत लेकरांचं रगत काढणार हायेत. रातच्या जेवणानंतर कुणी काय खायचं न्हाई. मॅडमचा हुकूम हाय! हलगर्जी चालणार न्हाई!" घोषणा खणखणीत झाली. मी समाधानाने मान डोलावली. का खायचं नाही ते बप्पांनी सांगितलं नाही, कारण त्यांना ते मी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मी राणीला पहिल्यांदा पाहिलं. मुलांनी पिंपळापासून विहिरीपर्यंत शर्यत लावली होती. सगळी भर्रकन गेली. मागून एक अकरा वर्षांची, काटकुळी, लांब पायांची मुलगी हात मागे बांधून चालत आली, निवृत्त हेडमास्तर फिरायला निघतात तशी. मला हसू आलं. शेजारी उभी असलेली बाई मात्र हसली नाही. ती राणीची आई, सुरेखा.

"पळायची लई हाऊस तिला," सुरेखा म्हणाली. "पोरांना मागं टाकायची. मीच बंद केलं."

"का?"

"हिचा बाप फडात गेला, मॅडम. छत्तीस वर्साचा. ऊस तोडता तोडता खाली बसला, पाणी दे म्हणला. मी पाणी आणीस्तोर संपलं व्हतं." तिने आपल्या कोपराला हात लावला. "त्येंच्या हितं हरभऱ्याएवढ्या गाठी व्हत्या. पाक पायाच्या शिरंवर बी. डॉक्टर नंतर म्हणले, रगतात चरबी लई व्हती, जन्मापसून. पोरीत उतरू शकती म्हणले. अर्धं-अर्धं हाय म्हणले."

माझा फेटा अजून डोक्यावरच होता. तो मी काढून हातात घेतला.

सुरेखा चार दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी, टोळीबरोबर ऊसतोडीला जाणार होती. राणी शाळेसाठी मामाकडे गावातच राहणार होती. "मी हितं आसले तर हिला धरून ठिवीन," सुरेखा म्हणाली. "मी गेल्यावर ही पळणारच. पळू द्यावं का न्हाई, तेवढं मला जायच्या आदी सांगा. बाकी तुमच्या तेलाचं मला काय कळत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात राणीला बीडला बोलावून छाती तपासली होती, हृदयाचा आलेख काढला होता. दोन्ही ठीक होतं. राहिलं होतं ते फक्त रक्त, ते या शिबिरात घ्यायचं होतं. मी सुरेखाला म्हटलं, शुक्रवारच्या आत सांगते. असं बोलून गेले आणि मग मला जेवण गोड लागेना. तरी जेवले. बप्पांच्या घरी न जेवणं हा पर्यायच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस मुलं रांगेत बसली. काय शहाणी मुलं! एकालाही भूक लागलेली नव्हती, कुणी कुरकुर करत नव्हतं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी. सलीमभाई प्रत्येकाला सुई टोचताना विचारत, "तुझ्या मास्तरांचं नाव काय बे?" आणि पोरगं आठवेपर्यंत नळी भरत असे. राणीची पाळी आली तेव्हा तिने उलट त्यांनाच विचारलं.

"रगत आत थांबलेलं असतंय का पळत असतंय?"

"पळतंय की. सारखं."

"मंग त्याला पळू देतेत," राणी म्हणाली, "आन मला न्हाई."

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फॉर्मकडे बघितलं.

रक्ताच्या नळ्या एका यंत्रात घालून गरागरा फिरवतात. लाल भाग खाली बसतो आणि वर लिंबू सरबताच्या रंगाचा स्वच्छ द्रव राहतो. आम्हाला तो हवा असतो. शाळेच्या कपाटावर सलीमभाईंनी यंत्र लावलं, फिरवलं, झाकण उघडलं आणि म्हणाले, "या अल्ला."

नळीत वर दूध होतं. म्हणजे दुधासारखं पांढरं काहीतरी. दुसऱ्या नळीत तेच, तिसरीत तेच. "मॅडम, ही तर डेअरी हाय," सलीमभाई म्हणाले.

चाळीस मुलं, चाळीसच्या चाळीस जणांच्या रक्तात एवढी चरबी! क्षणभर मला वाटलं, मी वैद्यकातला मोठाच शोध लावला आहे. मग वाटलं, हे गाव वाचवायचं कसं? मी देवळाच्या पायरीवर धावले, कारण गावात मोबाईलला रेंज तेवढ्या एकाच जागी, आणि डॉक्टरीणबाईंना धापा टाकत सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलांनी काय खाल्लंय ते आधी बघ."

मुलांना गोळा केलं. एकेकाला विचारलं. चाळीस तोंडांतून एकच वाक्य आलं, तेही एकाच चालीत, पाढे म्हणावेत तसं. "रातच्या जेवणानंतर काय बी खाल्लं न्हाई." राणी तेवढी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

उत्तर मला दुपारी बप्पांच्या अंगणात सापडलं. भिंतीच्या कडेला धुतलेले स्टीलचे पेले पालथे घातले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, उन्हात चमकत. बप्पांच्या घरात माणसं सहा.

"काकी, एवढे पेले?" मी बप्पांच्या पत्नीला विचारलं.

काकींचा चेहरा फुलला. त्या कधीपासून कुणीतरी विचारण्याची वाट बघत असाव्यात. "लेकरांना पहाटंच दूध दिलतं की! म्हशीचं, आटवून. त्यात खवा घातला, वर दोन-दोन पळ्या तूप. मी सोता उभी राहून पाजलं."

"पण मी खाऊ नका म्हटलं होतं ना!"

"तुमी रगात घेणार व्हताव न्हवं?" काकींना माझंच नवल वाटलं. "हिरीचं पाणी उपसायचं तर आदी हिरीत पाणी साठू द्यावं लागतंय. रिकाम्या हिरीवर मोटार लावली तर जळती. लेकराचं रगात काढायचं आन आदी भरायचं न्हाई, आसं कुठं आसतंय?"

एवढ्यात बप्पा आले. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं की फुटलं. "मीच सांगितलतं पोरांना, मॅडमला बोलू नका म्हणून," ते चप्पल काढता काढता म्हणाले. "तुमाला वाईट वाटलं आसतं. पन माज्या गावातली लेकरं उपाशी सुई टोचून घेणार? लोक काय म्हणतेल मला?"

मी हसायला लागले. थांबता येईना. काकीही हसल्या, का ते न कळता बप्पाही हसले, आणि सलीमभाई तर भिंतीला टेकून खाली बसले. आख्ख्या गावाच्या रक्तात बप्पांची म्हैस पोहत होती आणि मी शोध लावल्याच्या आनंदात होते! हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग एकदम राणी आठवली. असला दुधाळ नमुना प्रयोगशाळेचं यंत्र वाचत नाही. सुरेखाला द्यायचं उत्तर त्या दुधात बुडालं होतं.

पुढचे दोन दिवस वडवणीचं शिबिर आधीच ठरलेलं. उरलेल्या नळ्या तिथल्या मुलांपुरत्याच, जादाच्या बीडहून यायच्या. पुन्हा यायचं तर शुक्रवारीच, आणि त्याच संध्याकाळी टोळीचा ट्रक निघणार.

वडवणीचा बाजार

वडवणीत आठवड्याचा बाजार भरला होता. मी मनात म्हटलं, जरा फिरू, जिवाला बरं वाटेल. सीताफळं विकणाऱ्या एका बाईंनी मला चांगलीच झापली, कारण मी फळ दाबून बघत होते. "दाबू नगं गं बाई. डोळं बग त्याचं. डोळं उघडलं की पिकलं." मी वाकून सीताफळाच्या डोळ्यांत बघत राहिले. आमच्याकडे फणसावर थापटी मारून त्याचा आवाज ऐकतात. फळाच्या डोळ्यांत बघायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मग सहा पिकलेली सीताफळं विकत घेऊन मी जीपच्या सीटवर ठेवली आणि विसरून त्यांच्यावर बसले. वडवणीचं पुढचं सगळं शिबिर मी पाठ भिंतीकडे करून पार पाडलं.

बाजाराच्या टोकाला चपला-बुटांचं पाल होतं. पांढरे कापडी बूट टांगलेले होते. राणीच्या मापाचे वाटले म्हणून मी हातात घेतले. सलीमभाई म्हणाले, "घ्या की, मॅडम."

मी परत टांगले. अहवाल वाईट आला तर ते बूट घेऊन मी कुठे जाणार होते? अर्धं-अर्धं हाय, असं सुरेखा म्हणाली होती, आणि दोन दिवस मला ते दोन शब्द सोडून दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मला या मुलीची फार काळजी वाटत होती, हे इथे लिहूनच टाकते. आम्हा लोकांना आकड्यांची सवय असते, एकेका मुलीची नसते.

पुन्हा तेच गाव

गुरुवारी संध्याकाळी मी देवळासमोर सगळ्या गावाला बसवलं. या वेळी हुकूम सोडला नाही. एक दुधाळ नळी आणि एक स्वच्छ नळी हातात धरून दाखवली. स्वच्छ नळी माझी होती, त्याचा मला किती अभिमान वाटला ते सांगत नाही. म्हटलं, "विहीर भरायची नाहीये. विहिरीचा तळ बघायचाय. वरून दूध ओतलं तर तळ दिसेल का?"

काकींनी कपाळावर हात मारला. "आसं म्हणायचं व्हय! मंग आदी कावून बोलला न्हाईत?"

बप्पा उठून उभे राहिले, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "उद्या लेकरं उपाशी, तर म्या बी उपाशी! लेकरांच्या आदी माजं रगत घ्यायचं!" टाळ्या पडल्या. काकींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच न्हाई ना जेवायचं ह्येंनी? मंग मी सैपाकघराला कुलूप घालते."

शुक्रवारी सकाळी मुलं आली ती खरी उपाशी मुलं होती. चिडलेली, रडवेली, एकमेकांना ढकलणारी. त्यांना बघून मला एवढा आनंद झाला! बप्पा पहिल्या बाकावर बसले होते, बाही वर केलेली, चेहरा हुतात्म्याचा. किल्ली काकींच्या कमरेला होती. राणी शेवटून दुसरी. या वेळी तिने काही विचारलं नाही.

यंत्र फिरलं. झाकण उघडलं. लिंबू सरबत, लिंबू सरबत, लिंबू सरबत. सलीमभाई एकेक नळी उजेडात धरत गेले आणि बाहेर खिडकीला लटकलेली मुलं प्रत्येक नळीला ओरडत गेली. राणीची नळी आली, तीही स्वच्छ. पण मी आनंद आवरला. राणीच्या बापाला होतं ते दुखणं डोळ्यांना दिसत नाही, नळी स्वच्छ असूनही रक्तात असू शकतं. ते प्रयोगशाळेचं यंत्रच सांगणार.

मुलांच्या नळ्या आधी लावल्या होत्या, शेवटी बप्पांची नळी निघाली. पांढरीफटक.

काकी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "काय खाल्लं?"

"गणपतीची शपथ, काय न्हाई!"

"कुलूप व्हतं. कुठून खाल्लं?"

"आगं खाल्लं न्हाई म्हणतो ना!"

तो बिचारा माणूस खरंच बोलत होता. काही न खाताही त्यांच्या रक्तात तेवढी चरबी होती, आणि किती दिवसांपासून होती देव जाणे. मी त्यांना बाजूला बसवून हळू आवाजात समजावलं, बीडला यायची तारीख लिहून दिली. बप्पांनी ती नळी हातात घेऊन उजेडात धरली. "म्हंजी म्या लेकरांना पाजायला गेलो, आन निघालं माजंच," ते म्हणाले. मग चेहरा पाडून घरी गेले आणि म्हशीचं दूध त्या दिवशी पहिल्यांदा घरात न थांबता सगळं डेअरीला गेलं.

या गडबडीत मुलांना केळी आणि पोहे वाटले गेले. सलीमभाई नळ्या बर्फाच्या डब्यात घालून बीडला निघाले. डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला होता की राणीची नळी सर्वात आधी लावू, आकडे आले की फोन करू.

मी देवळाच्या पायरीवर बसले. रेंज तिथेच होती ना. दुपार झाली. घराघरातून काहीबाही येत राहिलं. कुणी धपाटे दिले, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी उकडलेल्या शेंगा. पिशवी फुगली, मी काहीच खाल्लं नाही. माझ्या बाबतीत ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. सुरेखा खालच्या पायरीवर येऊन बसली, तिच्याजवळ राणी. समोर पटांगणाच्या पलीकडे ट्रक उभा होता, त्यात भांडी, गोधड्या, कोयते चढत होते. पाचच्या सुमारास ट्रकने पहिला भोंगा दिला आणि तेव्हाच फोन वाजला.

"राणीचं सगळं मापात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोनदा लावून बघितलं. बापाचं तिच्यात उतरलेलं नाही. आईला सांग, निश्चिंत जा."

मी सांगितलं. मग दुसऱ्यांदा सांगितलं.

सुरेखाने पदर तोंडाला लावला. मग काढला. "म्हंजी पळली तर?"

"पळू दे. पळायलाच हवं."

ती राणीकडे वळली. तिच्या वेण्या मागे सारत म्हणाली, "पळ."

राणी जागची हलली नाही. तिला खरं वाटलं नसावं. "पळू?"

"पळ म्हणते ना!"

आणि ती पळाली. पायऱ्या एकदम उडी मारून, अनवाणी, दोन्ही वेण्या मागे आडव्या. पिंपळ, विहीर, शाळा. ट्रकला एक वळसा घालून पुन्हा पिंपळ. ट्रकमधली माणसं उभी राहून ओरडायला लागली. मीही ओरडत होते, काय ते आठवत नाही.

"आगं थांब!" सुरेखा अचानक किंचाळली. "थांब गं! काल रातधरनं उपाशी हाय ती!"

"उपाशी? का? पोहे दिले ना सगळ्यांना!"

"म्या न्हाई खाऊ दिलं." सुरेखाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही चूक माझीच होती. "मागच्या टायमाला खाल्ल्यामुळं समदं वाया गेलं. म्हणलं, जवर रिपोट येत न्हाई तवर ना तिनं खायचं, ना म्या."

मी पिशवीत हात घातला. चटणीच्या पुड्यांखालून धपाट्यांची चवड काढली. एक सुरेखाच्या हातात कोंबलं, पण ती ते तोंडात घालेल तर ना! ते हातात तसंच धरून ती पोरीच्या मागे धावली. "खाऊन पळ गं! आदी खा, मंग पळ!" आणि तिच्या मागे उरलेले धपाटे घेऊन मी, पन्नाशीची, बेताबाहेरची, आख्ख्या गावासमोर. ट्रकचा दुसरा भोंगा वाजला, कुणी लक्ष दिलं नाही. आम्ही दोघींनी तिला विहिरीपाशी गाठायला बघितलं, मग शाळेपाशी, मग पिंपळाखाली. ती काही आम्हाला सापडली नाही.